तुम्ही विचारलंत म्हणून: 'माई ताई' मराठी आहे का?

नाही हो, ते रमचं एक कॉकटेल आहे, नाव मराठी नाही. पण हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करेन.

मी हेवर्डला राहते, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पलीकडे, आणि आमच्याकडे पार्टी असली की ड्रिंक्सचं खातं माझं असतं, नवऱ्याकडे पापड तळणं. काय काय मिळेल ते मी फळ्यावर खडूने लिहिते आणि त्यात 'माई ताई' दिसलं की कुणीतरी काका हमखास म्हणतात, काय गं, एकाच ग्लासात माई पण आणि ताई पण? सगळे हसतात, मी पण हसते, दर वर्षी.

तर शब्द ताहितीचा, पॅसिफिक महासागरातल्या बेटाचा. 'माइताइ' म्हणजे छान, मस्त. गोष्ट अशी सांगतात की 1944 मध्ये ओकलंडला, म्हणजे माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, व्हिक्टर बर्जरॉन नावाच्या माणसाने (दुकानाचं नाव ट्रेडर व्हिक) 17 वर्षं मुरलेल्या जमैकन रमचं एक ड्रिंक बनवलं, ताहितीहून आलेल्या दोस्तांना पाजलं, आणि त्यातली बाई एक घोट घेऊन म्हणाली 'माइताइ रोआ आए', एकदम झकास, की ठरलं नाव. त्याच्या मूळच्या कृतीत 60 मिली रम, 15 मिली ऑरेंज क्युरासाओ (संत्र्याच्या सालीची गोड दारू), एका हिरव्या लिंबाचा रस, आणि मग दोन गोष्टी, प्रत्येकी सात-आठ मिली, ज्या ऐकून मी उडालेच होते: एक बदामाचं सरबत आणि दुसरं रॉक कँडी सिरप, म्हणजे अक्षरशः खडीसाखरेचा पाक! बदामाचं मी घरीच करते, रात्रभर भिजवायचे, सोलायचे, वाटायचे, फडक्यातून पिळायचे, साखर, थेंबभर संत्र्याच्या फुलांचं पाणी, थंडाई करता येत असेल तर हे येतंच. वर पिळलेल्या लिंबाची अर्धी वाटी उपडी तरंगत ठेवायची आणि शेजारी पुदिन्याचा तुरा खोचायचा, झालं बेट आणि बेटावरचा माड. अननस अजिबात नाही. अननस 1953 नंतर शिरला, जेव्हा हे ड्रिंक हवाईच्या हॉटेलांत गेलं आणि तिथे पर्यटकांना गोड आणि रंगीत हवं होतं.

आता बघा, नाव ताहितीचं पण ग्लासात पॉलिनेशिया, म्हणजे ताहिती-हवाईसारखी पॅसिफिकमधली बेटं, कुठेय? रम कॅरिबियनची, क्युरासाओ कॅरिबियनचं, बदाम तिथे उगवत पण नाहीत. दारू, आंबट, गोड, पाणी, मसाला हा सगळा हिशोब जुन्या पंचचा आहे आणि 'पंच' हा शब्द आपल्याच पाचावरून गेला असं बरेच लोक मानतात, इंग्रज खलाशांनी सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यांवरून उचललेला. म्हणजे काकांचा विनोद अगदीच वाया नाही जात.

बेटांच्या नावाचं हे सगळं थोतांड, इथे 'तिकी बार' म्हणतात ते, सुरू केलं ते व्हिकच्या आधी, अर्नेस्ट गँट म्हणून एका भटक्याने. अमेरिकेतली दारूबंदी 1933 च्या डिसेंबरात उठली आणि याने हॉलीवूडमध्ये छोटासा बार टाकला, बांबू, मासेमारीची जाळी, फुटक्या बोटीचे तुकडे, आणि पुढे स्वतःचं नावच बदलून डॉन बीच करून घेतलं. त्याचं 'झोंबी' गिऱ्हाईकाला दोनच मिळायचं, तिसरं मागितलं तरी नाही. बारमागे राबणारे बरेचसे फिलिपिनो होते आणि त्यांनी कृती घेऊन समोरच्या दुकानात जाऊ नये म्हणून बाटल्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे आणि सांकेतिक शब्द. आमच्या गुहागरच्या काकू मसाला देतात पण त्यात काय घातलंय ते मेल्या तरी सांगायच्या नाहीत, तसलाच प्रकार. त्यातला एक 'डॉन्स मिक्स' म्हणजे शेवटी काय निघालं तर ग्रेपफ्रूटचा रस आणि दालचिनीचा पाक, आणि हे शोधायला जेफ बेरी नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं म्हाताऱ्या वेटर-बारटेंडरांना गाठून त्यांच्या वह्या चाळल्या, 'झोंबी'ची जुनी कृती 2007 मध्ये छापून आली. जेवण 'बेटांवरचं' म्हणून कँटनचं चायनीज वाढायचे. निळं ते ब्लू हवाई 1957 मध्ये होनोलुलूच्या हॅरी यीने बनवलं, चिनी वंशाचा बारटेंडर, डच कंपनीचं निळं क्युरासाओ खपवायचं होतं म्हणून.

मला हे सगळं खरंच आवडतं बरं का. कॅलिफोर्नियाची बनवाबनवी, कॅरिबियनची रम, फिलिपिनो हात, चिनी स्वयंपाक, असली खिचडी चवीला चांगलीच लागते. सॅन फ्रान्सिस्कोत फेअरमाँट हॉटेलच्या तळघरात टोंगा रूम आहे, 1945 पासून, जुन्या स्विमिंग टँकच्या भोवती टेबलं, टँकमध्ये होडी, होडीत बँड, आणि मध्येमध्ये ढग गडगडून वरून पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला पैसे घेऊन पाऊस दाखवतात, मी तरी दोनदा जाऊन आलेय.

माझं घोडं अडलं ते मगपाशी.

जुन्या सामानाच्या दुकानात मला एक मग मिळाला होता, चार डॉलर, लांब चेहरा, मोठं नाक, खोल डोळे, ईस्टर बेटावरच्या त्या दगडी मूर्तींसारखा. आई तेव्हा सहा महिने आलेली. मी त्यात बर्फ, रम, वर छत्री असं सगळं सजवून ठेवलं तर ती म्हणाली, हा कुठला देव गं? मी म्हटलं देव नाही, मग आहे. ती म्हणाली, मग डोक्यात नळी का खुपसलीयस त्याच्या? रात्री भांडी घासताना बघते तर तिने तो मग खरकट्यात टाकलाच नव्हता, वेगळा विसळून खिडकीत देव्हाऱ्याच्या बाजूला पालथा घातला होता. तिला रापा नुई (ईस्टर बेटाचं तिथलं नाव) माहीत नाही, तिकी माहीत नाही, तिने नुसतं तोंड बघून ओळखलं की हे कुणाचं तरी कुणीतरी आहे.

आणि आहेच. मोआई, म्हणजे त्या दगडी मूर्ती, हे रापा नुईच्या लोकांचे पूर्वज. त्यातला एक, होआ हाकानानाइआ, 1868 मध्ये इंग्रजांच्या जहाजाने उचलून नेला, तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि 2018 मध्ये तिथले लोक लंडनला जाऊन परत द्या म्हणून विनवून आले. 'तिकी' म्हणजे माओरींच्या कथेत पहिला माणूस, मार्केसास बेटांवर कोरलेली मूर्ती, हवाईत त्यालाच 'किइ' म्हणतात. हजारो किलोमीटर लांब लांबची बेटं, प्रत्येकाची वेगळी भाषा, आणि बारवाल्याने सगळ्यांचे पूर्वज एका फळीवर मांडून त्यात बर्फ भरला. हवाईच्या राणीला, लिलिउओकलानीला, 1893 मध्ये अमेरिकन धंदेवाल्यांनी गादीवरून उतरवलं, 1896 च्या कायद्याने शाळा इंग्रजीत गेल्या, पोरांना घरची भाषा बोलली म्हणून मार बसायचा, आणि तिकडे अमेरिकेत मेनूकार्डावर अलोहा. ताहितीच्या नावाने लोक चिअर्स करत होते त्याच काळात, 1966 पासून, फ्रान्स त्याच बेटांच्या टापूत मोरुरोआ आणि फांगाटाउफाला अणुबॉम्ब फोडत होता, 1996 पर्यंत 193 चाचण्या. मला हे वाचून राग पेक्षा जास्त लाजच वाटली कारण मी पण छत्री खोचतच होते.

तिथलं खरं पेय विचाराल तर कावा. आमच्या शेजारी फिजीचं भारतीय कुटुंब आहे (हेवर्डमध्ये ते बरेच आहेत), त्यांच्याकडे पहिल्यांदा प्यायले. फिजी तसं पॉलिनेशियाच्या वेशीवर, पण कावा दोन्हीकडे चालतो. मुळं कुटून पाण्यात कालवतात, मोठ्या लाकडी परातीतून करवंटीत, एकदा टाळी वाजवायची, बुला म्हणायचं, एका दमात संपवायचं, मग तीन टाळ्या. मानाप्रमाणे क्रम, आधी आजोबा. चव म्हणाल तर पावसाळ्यात अंगणातलं गढूळ पाणी, आणि दोन मिनिटांनी लवंग चावल्यासारखी जीभ बधिर. नशा दारूसारखी नाही, माणूस नुसता सैल होतो. आणि हे झाड कुणाचं सख्खं, तर आपल्या विड्याच्या पानाचं आणि मिऱ्याचं, एकाच कुळीतलं! हे मी त्या आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, बेटा, हमको मालूम है, आणि दुसरी करवंटी पुढे केली.

हल्ली इथले काही बारवाले 'तिकी' शब्दच टाकून नुसतं ट्रॉपिकल म्हणतात, मूर्तीचे मग काढून टाकतात. काहींना तो बाष्कळपणा वाटतो, कुणी म्हणतं पॉलिनेशियन लोकांनाच हातात शेकर द्या की, ते मला जास्त पटतं. मी माझ्यापुरतं एवढंच केलंय की माई ताई साध्या काचेच्या ग्लासात देते, छत्री नाही, लिंबाची वाटी आणि पुदिना, आणि कुणी नावाचं विचारलं की ताहितीचं सांगते, मग काकांचा विनोद होतो, मग पापड.

तो मग अजून खिडकीतच आहे, पालथा. आई गुहागरहून व्हिडिओ कॉल करते तेव्हा मधूनच विचारते, त्या मोठ्या नाकवाल्यावर धूळ नाही ना बसली, पुसतेस ना गं.