मेरूमणी

आजी गेल्यावर तिच्या सामानाची वाटणी झाली, त्यात माझ्याकडे तिची गोमुखी आली. खरं तर कुणालाच नको होती म्हणून आली. जप करताना माळ झाकायची लाल कापडी पिशवी, कोपऱ्याला तेलकट झालेली. आत तुळशीची माळ, मणी झिजून पार गुळगुळीत.

मी करसल्लागार. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं आणि आमचे क्लायंट १९ तारखेच्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर बिलांचे फोटो धाडतात. त्यात निम्मं बिल, निम्मा अंगठा. मागच्या वर्षी बीपी १५० च्या वर गेलं. डॉक्टर म्हणाले, "ताण घेऊ नका." जसा काही मी तो मंडईतून पिशवी भरून आणतो!

प्रार्थनेची सवय तशी लहानपणापासूनची. कोल्हापुरात वाढलेला माणूस अंबाबाईला गेल्याशिवाय राहतोय कुठला? पण माझी प्रार्थना म्हणजे यादी. चौथी-पाचवीत असेन. गाभाऱ्यासमोर हात जोडून गणिताचे मार्क, सायकल, मामाची नोकरी असं एकेक सांगत होतो. आजीनं ऐकलं. "आरं, देवीला वाणसामानाची चिठ्ठी वाचून दावतोयस व्हय? गप बस की जरा तिच्याम्होरं. तिला काय दिसत न्हाई?"

गप बसायला पुढं तीस वर्षं गेली. आता पहाटे, गर्दी व्हायच्या आत, देवळाच्या ओवरीत बसतो. माळ मधल्या बोटावर, अंगठ्यानं मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही. एकशे आठ झाले की मेरूमणी येतो. तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं. गोमुखीची सोय अशी, की आपलं किती झालं ते शेजारच्याला कळत नाही, आणि आपल्यालाही.

जपाचे तीन प्रकार सांगतात: वाचिक, उपांशु आणि मानस. मानस सगळ्यात श्रेष्ठ, म्हणून मी थेट तिथूनच सुरुवात केली. पाचव्या मण्याला मिसळीच्या कटात पोहोचलो. मग मुकाट एक पायरी उतरलो. नुसते ओठ हलवायचे, आवाज नाही. तरी मन पळतंच, पण अंगठा मण्यावर असतो, त्याला धरून परत येता येतं.

पेशामुळं असेल, हिशेब लागल्याशिवाय मला चैन पडत नाही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली 'आवे मारिया' म्हणायला लावली, एकदा योगातला मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण त्याच्या दुप्पट तरी घेतो. श्वास सावकाश सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. शिवाय रक्तदाब सावरणारी शरीराची जी आपसूक यंत्रणा आहे, तीही या लयीत जास्त तत्पर झालेली दिसली. एका श्वासाला एक नाम धरलं, तर १०८ ला १८ मिनिटं. आजीची माळ संपेतोवर आम्ही चहासाठी ताटकळायचो, तो वेळ साधारण एवढाच.

मागणं नसलेली प्रार्थना मी गर्दीतही पाहिली आहे, अंबाबाईच्या किरणोत्सवात. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्याशी येतात. पहिल्या दिवशी पाय, मग कंबर-छाती, तिसऱ्या दिवशी मुखकमल. धूळ, ढग, बाहेरच्या इमारती. कशानंही ती वाटेतच अडकतात. एरवी 'पुढं चला, पुढं चला' असं ढकलणारी माणसं तेव्हा फरशीवरच्या त्या पिवळ्या पट्ट्याकडं टक लावून उभी असतात. त्या चार-पाच मिनिटांत कुणी पोराचं लग्न काढत नाही की जागेचा दावा. किरणं चरणांवर गेली की घंटा सुरू होतात, आणि मग पुन्हा सगळे सगळं मागायला मोकळे.

बीपीची गोळी चालूच आहे, उगाच कुणी बंद करू नये. पण आता १९ तारखेला रात्रीही एक माळ होते. परवा सत्तराव्या-ऐंशीव्या मण्याला फोन थरथरला. मी तो पालथा घातला आणि मेरूपर्यंत गेलो. नंतर बघितलं, तर या खेपेला नुसता अंगठाच होता. बिल फोटोत आलंच नव्हतं.