रेंट-स्टॅबिलाइज्ड घर: सबलेट की असाइनमेंट?

न्यूयॉर्कमधलं रेंट-स्टॅबिलाइज्ड घर, म्हणजे ज्याच्या भाडेवाढीवर कायद्याची मर्यादा आहे असं घर, सोडायची वेळ आली, की आधी एवढंच ठरवा: परत येणार आहात का? येणार असाल तर सबलेट, म्हणजे तेवढ्या काळासाठी पोटभाडेकरू ठेवणं. नसाल तर भाडेकरारच दुसऱ्याच्या नावावर करायचा, म्हणजे असाइनमेंट. ‘करार माझ्या नावावर, राहील मित्र’ हा चोरवाटेचा प्रकार सर्रास चालतो आणि त्यातच घर हातचं जातं. घर तुमचं मुख्य निवासस्थान असायलाच हवं. सबलेटवर असतानाही परत यायचा इरादा हवा, आणि कोणत्याही चार वर्षांत मिळून दोन वर्षांहून जास्त सबलेट चालत नाही.

सबलेटच्या परवानगीचा अर्ज घरमालकाला सर्टिफाइड मेलनं, पोचपावतीसह पाठवा. ईमेलवर विसंबू नका. अर्जात हे हवं: सबलेटची मुदत, कारण, पोटभाडेकरूचं नाव आणि घरचा व कामाचा पत्ता, त्या काळातला तुमचा पत्ता, सहभाडेकरू किंवा जामीनदार असल्यास त्यांची लेखी संमती, मूळ करार आणि प्रस्तावित सबलेट करार, दोन्हींच्या प्रती. घरमालक 10 दिवसांत आणखी माहिती मागू शकतो. अर्ज टाकल्यापासून, किंवा ही जादा माहिती पाठवल्यापासून, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती आहे असं धरलं जातं. अर्धवट अर्जावर मात्र हा हक्क सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पैशात. पोटभाडेकरूकडून कायदेशीर भाड्याएवढंच, म्हणजे त्या घराला कायद्यानं लागू असलेल्या कमाल भाड्याएवढंच घ्यायचं. घर पूर्ण फर्निचरसह दिलं तरच वर 10 टक्के. 2,000 डॉलर भाडं असेल तर 2,200, बस. जास्त घेतलंत तर पोटभाडेकरू जादा रकमेच्या तिप्पट भरपाई मागू शकतो, आणि नफेखोरीवरून मालक तुम्हाला घराबाहेर काढू शकतो, ते वेगळंच.

असाइनमेंटला मालक कारण न देताही नकार देऊ शकतो. नकार अवाजवी असेल तर 30 दिवसांची नोटीस देऊन करारातून मोकळं होता येतं, पण तुमचा माणूस काही आत जात नाही. मग मालकानं त्याच्याशी नवा करार केला तर? घर रिकामं झालं की मालकाला करता येणारी 20 टक्क्यांपर्यंतची भाडेवाढ 2019 मध्ये बंद झाली खरी, पण तुम्ही सवलतीचं, म्हणजे ‘प्रेफरेन्शियल’ भाडं भरत असाल तर नव्या माणसाला पूर्ण कायदेशीर भाडं लागू शकतं. दोन्ही आकडे आधीच बघून ठेवा.

पोटभाडेकरूनंही एक ध्यानात ठेवावं: कराराच्या नूतनीकरणाचा हक्क मूळ भाडेकरूचा, पोटभाडेकरूचा नव्हे. आणि करार मिळवून देण्यासाठी कुणी ‘की मनी’, म्हणजे भाड्याखेरीज वरचा पैसा, मागितला तर तो बेकायदा आहे.