कांदळवनात कार्बन मोजायला जाताय? आधी चिखलाचं बघा

“झाडांचे घेर मोजायचे, आकडे भरायचे, संपलं,” असं सांगून मला कांदळवनात नेलं. साफ फसवणूक. तिथला बहुतेक कार्बन झाडांत नसतोच, पायाखालच्या चिखलात असतो. आणि तो काढायला त्या चिखलातच उतरावं लागतं.

पहिले दोन दिवस निवांत गेले. पारदर्शक डबा फांदीवर बसवून पानं किती कार्बन डायऑक्साइड ओढतात ते बघायचं, मग काळं कापड टाकून श्वसनात किती सोडतात ते. सावली होती, वारा होता. एकच सांगतो: कांदळाचा, म्हणजे आधारमुळांवर उभ्या राहणाऱ्या झाडाचा, घेर छातीच्या उंचीवर घेऊ नका. सगळ्यात वरचं आधारमूळ जिथून फुटतं, तिथून 30 सेंटिमीटर वर टेप लावा. हे आम्हाला कळलं तेव्हा पहिल्या दिवसाची सगळी कांदळं पुन्हा मोजावी लागली.

तिसरा दिवस मात्र जन्मात विसरणार नाही. खाडीकाठचा दोनशे मीटरचा पट्टा, “ओहोटीला आरामात चालता येतं” म्हणे. दहाव्या पावलाला मांडीपर्यंत आत. गमबूट चिखलानं ठेवून घेतला, पाय तेवढा परत दिला. गमबूट नकोतच, घोट्याला घट्ट बांधता येणारे जुने बूट घाला, आणि पाय टाकायला फळी न्या. मुळांचं जाळं असतं तिथे जमीन जरा धरते, पण तिवराची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं तुडवू नका.

सडक्या अंड्यांच्या वासाला नावं ठेवत होतो, नंतर त्याची किंमत कळली. त्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून मुळं-पानं फार हळू कुजतात आणि कार्बन शेकडो वर्षं तिथेच राहतो. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरणारे जिवाणू हा वास सोडतात आणि मिथेन करणाऱ्यांना वरचढ होऊ देत नाहीत. गोड्या पाण्याकडे सरकलात की हे गणित बिघडतं.

गाळाचा उभा नमुना काढायला नळी ठोकली तर गाळ दबतो. आमची एक मीटर आत गेली, आत गाळ जेमतेम पाऊण मीटर. प्रत्येक वेळी गाळ नळीच्या आत किती खोलवर आहे आणि बाहेर किती, हे दोन्ही मोजा, नाहीतर पुढचा सगळा हिशोब खोटा. शिंपल्यांचे तुकडे आम्लानं घालवा. तो कार्बन झाडांनी धरलेला नाही. आणि डब्यातला आकडा वर्षभरानं गुणून “एवढा साठला” म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. धरलेल्यातला बराचसा श्वसनात परत जातो, काही पानं खेकडे खातात, काही भरती ओढून नेते. उलट गाळातला काही कार्बन नदीनं आणलेला असतो.

वेळापत्रक रोज नवं बघा. ओहोटी दररोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आम्ही आदल्या दिवसाच्या वेळेवर विसंबून तासभर आधीच उतरलो आणि कमरेभर पाण्यात ताटकळलो. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, पाणी पुरेसं उतरत नाही. उधाणाला दूरवर उतरतं, पण परतही झपाट्यानं येतं.

तरी नव्वद सेंटिमीटरवर तांबूस मुळांचे तंतू जसेच्या तसे दिसले, तेव्हा मी चिखलातच ओरडलो. हो, नळ्या उभ्याच न्या. ती सगळ्यात सुंदर नळी आम्ही गाडीत आडवी टाकली आणि थर एकमेकांत गेले.