आजींचे ११ गुण

गेल्या आठवड्यात सिडकोतल्या एका आजींच्या फॉर्मवर मी एकूण ११ गुण लिहिले. बेरीज बरोबर आहे, तरी तो आकडा डोक्यातून जात नाही.

मी घरोघरी जाऊन अर्धांगवायूच्या पेशंटचे व्यायाम घेते आणि त्यांचं करणाऱ्या माणसावर किती ताण आहे, तेही संस्थेसाठी मोजते. प्रश्नावली झॅरिट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची. १९८० मध्ये आली तेव्हा २९ प्रश्न होते, आता २२. ‘कधीच नाही’ला ०, ‘जवळजवळ नेहमीच’ला ४, जास्तीत जास्त ८८. २० पर्यंत ताण नसल्यात जमा. आमच्याकडे ४० ओलांडले तरच मदतनीस मिळते.

पेशंटसमोर विचारायचं नाही, हे आम्ही पाळतो. पण दीड खोलीच्या घरात आजोबांना कुठे पाठवणार, आणि आजी त्यांना सोडून ओट्यापर्यंतही यायला तयार नाहीत.

आजी ७१ वर्षांच्या, वजन जेमतेम ४५. आजोबा ७० किलोचे; उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, पण समजतं सगळं. त्यांना खुर्चीत घेताना आजींचं कसब मी बघतच राहिले. जुन्या लुगड्याची घडी करून त्यांच्या कमरेला पट्टा बांधलेला. खुर्ची डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला तिरकी. त्यांचा उजवा गुडघा दुमडू नये म्हणून आपल्या दोन्ही गुडघ्यांनी तो अडवायचा, मग ‘हं, चला’ म्हणत पट्टा धरून त्यांना पुढे झुकवायचं. उचलायचं नाहीच. आम्ही हे कॉलेजात शिकतो, तरी सगळ्यांना साधत नाही. पैसे घेऊन येणाऱ्या आया तर काखेत हात घालून ओढतात आणि आधीच लुळा पडलेला खांदा आणखी दुखावतो, हे मी किती घरांत पाहिलंय! आजोबांच्या माकडहाडावर पडून-पडून येते ती साधी लालीसुद्धा नाही. म्हणजे रात्रीही दर दोन तासांनी कूस बदलली जाते, आणि बदलणारं माणूस घरात एकच. आजींचं बीपी १७०/१००. त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांची पट्टी मागच्या भेटीत होती तेवढीच.

‘स्वतःसाठी वेळ मिळत नाही असं वाटतं का?’

‘मला कुठं जायचंय, ताई?’

‘चिडचिड होते?’

‘ह्यांच्यावर कशाला चिडू?’

शून्य, शून्य, एक. विचारत मी होते, उत्तरं कॉटकडे बघून येत होती.

मोठ्या अक्षरांतलं उत्तरांचं कार्ड कॉटवरच होतं. सेवा दुसऱ्या कुणावर सोपवावीशी वाटते का, या प्रश्नाला आजी ‘छे छे!’ म्हणाल्या. आजोबांनी डाव्या हातानं कार्ड ओढलं आणि ४ वर बोट ठेवलं. ‘त्यांना काय कळतंय,’ म्हणत आजींनी हात बाजूला केला. आजोबांनी पुन्हा तिथेच बोट ठेवलं, या वेळी दाबून.

फॉर्मवर पेशंटच्या उत्तराला रकाना नाही. मी आजींचं शून्य लिहिलं आणि शेऱ्यात घडलं ते सगळं.

ऑफिसमधल्या मॅडमचा फोन आला, ‘आकडा द्या, गोष्ट नको.’ त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत ६६ ते ९६ वयाच्या नवरा-बायकोंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदाराचं करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. ताण जाणवत नाही म्हणणाऱ्यांत तसा वाढलेला दिसला नाही. ‘त्यांना जाणवतच नसेल तर?’ मॅडम म्हणाल्या.

असेलही. पन्नासेक वर्षांच्या संसाराबद्दल आजींपेक्षा मला जास्त कळतं, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण तितकीच वर्षं त्यांच्यासोबत काढलेल्या माणसानं ४ वर बोट ठेवलंय, आणि ते बीपी मी माझ्या हातानं मोजलंय.

रविवारी लेक सिन्नरहून येतेय. ती आजोबांजवळ बसेल, मी आजींना दवाखान्यात नेणार आणि तिथेच बाकावर २२ प्रश्न पुन्हा विचारणार. ऑफिसात एका घराचा एकच फॉर्म धरतात म्हणे. दुसरा मी माझ्या सहीनं जोडणार आहे. नाकारायचा असेल तर त्यांनी तसं लेखी द्यावं.