काळी चार, पांढरी पाच

मैफल सुरू होण्याआधी गायक माइकजवळ सरकतो, खाकरतो आणि म्हणतो, ‘‘कालपासून आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या.’’ दादर-पार्ल्याच्या श्रोत्यांना हे वाक्य इतकं पाठ झालंय की एखाद्याने ते म्हटलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. पुढच्या रांगेतले काका तर समाधानाने मान डोलावतात. बसलाय ना? मग आज गाणं होणार.

मला गाता येत नाही. ऐकता येतं, तेही बेताचंच. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं बोलणं ऐकायची मला विलक्षण हौस आहे. मुलाखतीतलं बोलणं नव्हे. मुलाखतीत सगळे एकाच वहीतून वाचल्यासारखे बोलतात. संगीत ही साधना, गुरूंची कृपा, मी अजून विद्यार्थीच, एक जन्म पुरणार नाही. खोटं नसतं त्यात काही, पण वापरून वापरून गुळगुळीत झालेलं असतं. आयुष्य, प्रसिद्धी, प्रेम असल्या गोष्टींवर ही मंडळी खरं बोलतात ती ग्रीनरूममध्ये, तंबोरे लावताना. आणि तेही त्या गोष्टींचं नावसुद्धा न घेता.

वयाचंच घ्या. माझ्या ओळखीचे एक पेटीवाले काका आहेत. चाळीसेक वर्षं मुंबईभर साथ करत हिंडले आहेत. गायक आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘काय धरू?’’ उत्तर येतं, ‘‘काळी एक’’ किंवा ‘‘पांढरी पाच’’. पेटीची कुठली पट्टी षड्ज, म्हणजे ‘सा’, धरायची, एवढाच त्याचा अर्थ. पण हेच उत्तर काका वर्षानुवर्षं ऐकत आलेत. एक बाई उमेदीच्या काळात काळी पाचमध्ये गायच्या. पुढे काळी चार झाली. मग एका संध्याकाळी मंचावर जाता जाता त्यांनी वाकून हळूच सांगितलं, ‘‘आज पांढरी पाच धरा हं.’’ म्हणजे आणखी एक पट्टी खाली. तो ‘आज’ मग कायमचाच झाला. पुरुषांची घसरण काळी दोनवरून काळी एक, आणि तिथून पांढरी एक. पेटीवर हे अंतर एक-दोन बोटांचं. श्रोत्यांच्या बहुधा लक्षातही येत नाही, कारण पट्टी उतरली की पुष्कळदा गाणं उलट जास्त भरीव लागतं. घरच्यांनाही कळत नसेल. पेटीवाल्याला मात्र पहिल्यांदा कळतं, आणि फॅमिली डॉक्टरसारखं तो ते पोटात ठेवतो. काकांनी मलाही बाईंचं नाव सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारून पाहिलं.

पेटीचं स्वतःचं नशीबही काही फार थोर नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला दार बंद केलं. विदेशी वाद्य, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाहीत, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, असे आरोप होते. ते दार किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. तोवर गिरगावातल्या मैफलींत जिच्याशिवाय पान हलत नव्हतं ती पेटी रेडिओ केंद्राच्या पायरीवर परकी होती. काकांचे गुरू त्या काळातले. ‘‘आमच्या बुवांनी आयुष्यभर वाजवलं, पण रेडिओवर घरच्यांना एकदाही ऐकू आलं नाही,’’ एवढंच काका म्हणतात आणि भाता उघडतात. तक्रार म्हणून नाही, हवामानाचा अंदाज सांगावा तसं.

हवामानाचा विषय या लोकांत खरंच मोठा असतो. मुंबईचा पावसाळा तबल्याची पुडी सैल करतो, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार, बिघडवतो. बाहेर घाम, आत एसी, डोक्यावर दिवे. अर्ध्या तासात तारा तीनदा उतरतात. श्रोते घड्याळाकडे बघत असतात आणि तबलजी हातोडीने गट्टे ठोकत असतो. हल्ली मोबाइलमध्ये तंबोरा मिळतो, तो दमट हवेत उतरत नाही. काहींना त्याचंच दुःख आहे.

आवाज बसण्याची मी सुरुवातीला थट्टा केली, पण जयपूर घराण्याच्या माणसांसमोर ती जपून करावी. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी एका दरबारात अतोनात गाऊन फुटला. जुना झळझळीत आवाज परत आला नाही. जो आला त्याला झेपेल अशी वळणदार, लयीशी लपंडाव खेळणारी गायकी त्यांनी घडवली आणि आज आपण घराणं म्हणून डोक्यावर घेतो ती तीच. खाँसाहेबांची अखेरची वर्षं मुंबईत गेली, १९४६ साली ते इथेच वारले. त्यांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे माई, आणि माईंच्या कन्या किशोरीताई आमोणकर. किशोरीताईंचाही आवाज ऐन तारुण्यात गेला होता. गळा बंद असताना त्या मनातल्या मनात गात राहिल्या, विचार करत राहिल्या. नंतरच्या त्यांच्या गाण्यात आईच्या गाण्यापेक्षा जे वेगळं ऐकू येतं, त्याचं मूळ मला तरी या मुक्या काळातच दिसतं. घराणं वगैरे काही नसतं, संगीत तेवढं असतं, असं त्या पुढे ठामपणे सांगत. जाणकारांचे चेहरे त्यावर कसे होत असतील, ते बघायला मला आवडलं असतं.

प्रसिद्धीबद्दल मात्र १९७७ हे वर्ष मला फार विचित्र वाटतं. गायिका केसरबाई केरकरांना ध्वनिमुद्रणाचं वावडं होतं. यंत्र दिसलं की बिनसायचं. साठच्या दशकात त्यांनी जाहीर गाणंही थांबवलं. आणि त्या बाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नासाच्या दोन व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून आकाशात गेली. दुसरं यान सुटून पंधरवडाही झाला नव्हता, तोच सप्टेंबरमध्ये केसरबाई गेल्या. त्यांतलं एक यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावाची हद्द ओलांडून पलीकडे गेलं. ज्यांनी आपला आवाज शेजारच्या खोलीतल्या टेपलाही दिला नसता, त्यांचा आवाज आता कोणीही पोचलं नाही तिथे चाललाय. त्यांना विचारलं असतं तर परवानगी दिली असती का? मला शंका आहे. निदान मानधनाची घासाघीस तरी नक्की झाली असती.

त्याच वर्षी ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव लग्नाच्या बँडपर्यंत पोचलं. खरे अँथनी गोन्साल्विस गोव्याच्या माजोर्ड्याचे, व्हायोलिनवादक. मुंबईच्या स्टुडिओंत वाद्यवृंदाची मांडणी करणारे, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात अमर केलं. पण ते गाणं गाजलं तेव्हा गुरू या धंद्यातून केव्हाच बाहेर पडलेले होते, आणि नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना असा माणूस खरोखर आहे याचा पत्ताच नव्हता. नाव एकीकडे, माणूस दुसरीकडे. केसरबाईंचा आवाज गेला, यांचं नाव गेलं.

या दोघांपेक्षा मला हरिप्रसाद चौरसियांची गोष्ट जास्त जवळची वाटते, कारण ती मुंबईच्या रोजच्या धबडग्यात घडली. आकाशवाणीच्या नोकरीत कटकहून इथे बदली झालेला, सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत सतत मागणी असलेला, चांगला कमावता बासरीवाला सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेला. त्या वॉर्डन रोडवर ‘आकाशगंगा’ इमारतीत राहत. जाहीर वाजवणं सोडलेलं, आणि दारावर सूचना की घंटा तीनदाच वाजवावी, उघडलं नाही तर नाव-पत्ता ठेवून जावं. तयार कलावंताला शिकवायला त्या राजी नव्हत्या. जे येतं ते विसरायची तयारी हवी, असं त्यांचं म्हणणं. हरिजींनी बासरी उजवीकडून डावीकडे घेतली. बोटांना जे जे येत होतं ते एका झटक्यात निरुपयोगी झालं. दिवसा स्टुडिओत पैसे मिळवणारा माणूस आणि गुरूच्या खोलीत फुंकरही धड न लागणारा नवशिका, दोघे एकाच अंगात! त्यानंतर ते डावीकडे धरूनच वाजवत आले. प्रसिद्धीविषयी त्यांनी एरवी काय काय सांगितलं असेल ते असो, मला ती एक हालचाल पुरते.

राहता राहिलं प्रेम. ख्यालाच्या बंदिशी वाचल्या तर गवयासारखा प्रेमात बुडालेला प्राणी दुसरा नसेल. पिया परदेशी, रात्र सरत नाही, पैंजण वाजलं तर सासू-नणंद जाग्या होतील. सत्तरीचे बुवा, अंगावर शाल, पायात मोजे, चाळीस मिनिटं सासूला घाबरतात आणि मध्येच साउंडवाल्याला बोट वर करून खुणावतात, मॉनिटर वाढव. प्रेमाबद्दल कोणी मुलाखतीत विचारलं तर तेच बुवा मीरा आणि कबीर सांगतील. त्यांच्या शेजारी कोमट पाण्याचा थर्मास असतो. त्यात ज्येष्ठमधाची काडी टाकून तो घरून कोणी भरलाय, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली ती बाई शेवटचं जलद द्रुत जरा लांबलं की कानातली कुडी का चाचपते, हे तबलजीला ठाऊक असतं. मी एकदा बुवांचं तिच्याकडे लक्ष गेलेलं पाहिलं. पुढच्या समेला तिहाई, आणि गाणं बंद.

एवढ्यात काकांनी एका तरुण मुलीला साथ केली. तिच्या रील्स लाखांनी बघतात म्हणे. कार्यक्रम संपल्यावर मी आत गेलो तेव्हा ती त्यांना विचारत होती, ‘‘काका, खरं सांगा, कसं झालं?’’

‘‘काळी पाच का घेतेस?’’

‘‘लोकांना वर आवडतं.’’

‘‘लोकांना आवडेल गं. पहाटे खर्ज भरतेस का, खालच्या सुरांचा रियाज?’’

ती गप्प. काका पेटीचा भाता बंद करून खोक्यात ठेवायला लागले. त्यांना शेवटच्या गाडीची घाई होती, डोंबिवली गाठायचं होतं. तिने मोबाइल काढला, ‘‘एक सेल्फी, काका?’’

काकांनी अर्धी आत गेलेली पेटी पुन्हा बाहेर ओढली. ‘‘थांब, हिच्यासकट काढ. नुसत्या मला कोण ओळखतंय!’’