सासूबाईंच्या कपाटातल्या फुलदाण्या: ओळख, किंमत आणि वाटणी

सोनं वजनावर वाटता येतं, भांडी नगावर. सोलापूरच्या मुरारजी पेठेतलं घर रिकामं करताना आमचं अडलं ते दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटापाशी. सासूबाई होत्या तोवर त्याची किल्ली कुणाच्या हाती लागली नव्हती. आत एक निळी-पांढरी गोलसर बरणी, सोनेरी नक्षीच्या फुलदाण्यांची जोडी, एक लहान फिकट गुलाबी फुलदाणी, रंग भरलेली पितळी सुरई आणि बोटभर उंचीच्या बाहुल्यांची जोडी. वारस तिघं: आम्ही, धाकटे भाऊजी आणि वन्सं. भाऊजींचा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याला आजीची आठवण म्हणून यातलं काहीतरी हवं होतं.

जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी येऊन बघून गेला. सगळ्याचे मिळून वीस हजार म्हणाला. "आत्ता रोख देतो वहिनी, डोक्याला ताप कशाला, मोकळं करा की." बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलेल्या बाईला रोखीची घाई दिसली की आधी संशय येतो. मी म्हटलं, विचार करून सांगते.

तोवर वन्सं चिंच आणि पितांबरी घेऊन बसल्या होत्या. त्यांना मी अक्षरशः हात धरून थांबवलं. या फुलदाण्यांवरचं सोनं झिलईच्या वर, शेवटी लावून हलक्या आचेवर भाजलेलं असतं. घासलं की ते जातं, आणि त्याच्याबरोबर किंमतही. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटकायची, बास. मग दिवसाच्या उजेडात, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढले: चारी बाजू, तोंडाची कड, आतली बाजू, तळ आणि जिथं जिथं टवका उडालाय ती प्रत्येक जागा. टवके लपवून काढलेल्या फोटोवर कोणताही जाणकार मत देत नाही.

तळाचे शिक्के दिसले आणि घरात खरी गंमत सुरू झाली. निळ्या बरणीखाली चार चिनी अक्षरं होती. भाच्यानं मोबाइल धरला, त्यानं वाचून दाखवलं: ‘कांग्शी काळात बनवलेले’. कांग्शी बादशहाची कारकीर्द १६६२ ते १७२२. भाऊजींनी मनातल्या मनात होटगी रोडला फ्लॅट घेऊन टाकला. आत्याबाईंचं वेगळंच. त्यांच्या मते बरणी डॉक्टर कोटणीसांबरोबर चीनहून आली. सोलापुरात चिनी म्हटलं की कोटणीसांचं नाव निघणारच. पण डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. परत आलेच नाहीत, तर बरणी कुठून आणणार? शिवाय मामंजींच्या मुंजीच्या फोटोत तिवईवर हीच बरणी दिसते आणि फोटोच्या पाठीवर १९३१ लिहिलंय. तो फोटो मी जपून ठेवला. वस्तू कुणाच्या घरात कधीपासून आहे याचा असा पुरावा मूल्यांकनात फार कामाला येतो.

आजेसासरे कापसाच्या दलालीत होते, मुंबईला येणं-जाणं असायचं. जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीनं १८९३ मध्ये मुंबईची बोटसेवा सुरू केली ती मुख्यतः आपल्या कापसासाठी. तिकडचा माल मुंबईच्या बाजारात येत होताच. बहुतेक तिथूनच एकेक नग सोलापूरला आला असावा.

बघायला भिंग हवं होतं. भाऊजी गिरणीत होते, त्यांच्या खणात धागे मोजायचं घडीचं पितळी भिंग निघालं. ते फुलदाणीवर टेकवलं आणि मी तासभर हललेच नाही. हातानं रंगवलेल्या रेघेला सुरुवात असते, मध्ये फुगवटा असतो, शेवटाला ब्रश उचलल्याची शेपटी असते. छापील नक्षीत रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो आणि जोडाशी वेल मध्येच तुटतो. सोनेरी जोडीवरची माणसं हातानं रंगवलेली होती, पण घाईनं. सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा. पितळी सुरईवर तार बसवून केलेलं मीनाकाम आहे असं आम्ही समजत होतो. भिंगाखाली सोन्याची-पितळेची तार कुठंच दिसेना, कोरलेल्या खाचेत रंगीत लाख भरलेली. म्हणजे आपलं मुरादाबादी काम.

नखानं हलकं टिचकावलं तर जोडीतली एक खणखणीत वाजली, दुसरी बद्द. नोटा तपासायचा जांभळा दिवा माझ्या ओळखीचा. खोलीत अंधार करून तो फिरवला तर बद्द वाजणारीच्या मानेभोवती वेगळ्याच रंगाचा पट्टा उजळला. मान कधीतरी तुटून जोडली गेली होती आणि वरून रंग दिलेला होता. साध्या उजेडात काही म्हणता काही दिसत नव्हतं.

हैदराबादला लग्नाला गेलो तेव्हा सालारजंग संग्रहालयात चिनी आणि जपानी दालनं बघून आले (शुक्रवारी बंद असतं, बेत आखताना ध्यानात ठेवा). चांगलं काम कसं दिसतं हे डोळ्यांत बसलं की घरातल्या वस्तूकडे बघायची नजर बदलते. माझी तरी बदलली, आणि अपेक्षा जरा खाली आल्या.

शेवटी आमच्या सीएंनी पुण्यातल्या एका नोंदणीकृत मूल्यांककाचं नाव दिलं. दोन गोष्टी आधीच विचारून घेतल्या: फी ठरावीक आहे ना, की किमतीच्या टक्क्यांवर? आणि वस्तू तुम्ही स्वतः विकत घेणार आहात का? टक्केवारीवाला किंवा खरेदीदार असलेला माणूस मूल्यांकनाला नको. गृहस्थांनी उलट मलाच विचारलं, "किंमत कशासाठी हवी? विम्यासाठी, विकायला की वाटणीला?" विम्याची किंमत म्हणजे तशीच वस्तू दुकानातून परत घ्यायला काय पडेल ती, वाटणीला बाजारात खरोखर काय येईल ती धरतात. इंटरनेटवरचे आकडे मी दाखवले तर हसले. ते विकणाऱ्यानं मागितलेले भाव, कुणी दिलेले नव्हेत.

त्यांची बघायची पद्धत मला फार आवडली. शिक्का अगदी शेवटी. आधी वजन, मग बिनझिलईची तळकड, मग झिलई, मग झीज. बरणीची तळकड पिवळट तपकिरी होती, ती आम्ही जुनेपणाची खूण मानून चाललो होतो. त्यांनी ओलं बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, "हळद ठेवत होता काय यात?" सासूबाई हळकुंडं ठेवायच्या! तडकलेल्या बर्फासारख्या निळ्या जमिनीवर पांढरी फुलं असलेल्या अशा बरण्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भरपूर निघाल्या आणि जुन्या कामाच्या आदरापोटी त्यांच्यावर कांग्शीचं नाव सर्रास घातलं जायचं. फसवणूक नव्हे, रिवाज. सोनेरी जोडी जपानी, सात्सुमा पद्धतीची, बारीक जाळीदार तड्यांची. तिच्यावरचं वर्तुळातल्या फुलीचं, सात्सुमाच्या शिमाझू सरदार घराण्याचं चिन्हही असंच, निर्यातीच्या मालावर सरसकट.

उलट रोमन अक्षरांतले शिक्के जास्त बोलके. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानं मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून १८९१ पासून जपानी मालावर ‘निप्पॉन’, म्हणजे जपानचं तिकडचं नाव, आलं. १९२१ पासून त्याजागी ‘जपान’. आमची गुलाबी फुलदाणी ‘निप्पॉन’वाली. बाहुल्यांवर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता त्या काळातल्या, १९५२ च्या आतल्या. शिक्का नसला म्हणजे वस्तू त्याहून जुनीच, असं मात्र नाही.

पुतण्याचा प्रश्न यातूनच सुटला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षं पूर्ण झालेली कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याला हवी होती ती गुलाबी फुलदाणी तिथंच बाद. बाहुल्या चालतील, विमानतळावर वाद नको म्हणून पुरातत्त्व खात्याकडे ‘ही पुरावस्तू नाही’ या प्रमाणपत्रासाठी अर्ज केलाय. त्याच कायद्यानं पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. वीस हजारवाल्याला परवान्याचा नंबर विचारला, त्यानंतर त्याचा फोन नाही.

वारशानं मिळाल्यावर कर नाही, पण पुढं विकलं तर भांडवली नफा धरतात. कलावस्तूंना घरगुती सामानाची सूट नाही. आमच्या वस्तू २००१ च्या आधीपासून घरात, म्हणून सीएंच्या सांगण्यावरून अहवालात नफा मोजायला १ एप्रिल २००१ ची किंमतही लिहून घेतली.

आकडे असे आले: बरणी १८,०००, सोनेरी जोडी (एकीची मान जोडलेली आहे हे धरून) २६,०००, गुलाबी फुलदाणी १२,०००, सुरई ३,०००, बाहुल्या १,५००. भाऊजींचा फ्लॅट राहिला. जोडी फोडली तर भाव पडतो, म्हणून ती सबंध वन्संना दिली. बरणी आमच्याकडे, बाकीचं भाऊजींना. मूल्यांककाची फी तिघांत विभागली आणि वन्संनी जादा आलेल्या रकमेचे चेक आम्हा दोघांच्या नावे फाडले.