मनगट सोडवायला ताकद लागत नाही

साताऱ्याकडं तालमीत पोरगं हौदात उतरताना आधी लाल माती कपाळाला लावतं. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. स्वसंरक्षणाच्या वर्गात मात्र पहिल्याच दिवशी लाथ शिकायची घाई!

आधी कुणी धरलेलं मनगट सोडवायला शिका. एका हाताच्या पकडीत कच्ची जागा म्हणजे अंगठा आणि बोटं भेटतात ती फट. मनगटाची अरुंद कड तिकडं वळवायची, अर्धं पाऊल पुढं टाकायचं, कोपर दुमडून समोरच्याच्या कोपराकडं न्यायचं. हात निसटतो. बहुतेकजण सरळ मागं ओढतात. मग ज्याचं बळ जास्त, तो जिंकतो. जोडीदारानं लाडानं सैल धरलं तर सराव फुकट. सुटल्यावर ठोसा नको, पळायचं. दोन्ही हातांनी २०-२० वेळा, जोडीदार बदलून.